पांढरीचं वावर

बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आलो म्हटलं की समोरचा विचारतो, शेगावला दर्शन झालं का, लोणारचं सरोवर पाहिलं का. दोन्हीला माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. मी आठवडाभर एका गावाबाहेरच्या उंचवट्यावर आणि एका शेतात फुटकी खापरं वेचत होतो. गावाचं नाव इथं देत नाही. नाव कळलं की कोणीतरी फावडं घेऊन सोनं शोधायला जाईल, आणि त्या गावाला आमचाच त्रास पुरेसा झाला आहे. मोताळा तालुक्यात, धामणगाव बढ्यापासून रिक्षानं अर्ध्या तासावर, एवढं पुरे.

जाण्याचं कारण माझी मुलगी रोहिणी. ती पुरातत्त्व शिकते. शेवटच्या वर्षी प्रबंध लिहावा लागतो, आणि तिनं त्यासाठी हे गाव निवडलं होतं. नदीकाठी एक जुना उंचवटा आहे. तिथं दोन हजार वर्षांपूर्वी वस्ती होती हे तिच्या सरांना आधीपासून माहीत होतं. पण मागच्या वर्षी वर्गाच्या सहलीत ती तिथं गेली असताना, उंचवट्यापासून दीड-दोन किलोमीटरवर, माळाच्या अंगाला असलेल्या एका शेतातही तिला तशीच खापरं दिसली. त्या शेताला लोक ‘पांढरीचं वावर’ म्हणतात. वावर म्हणजे शेत, आमच्याकडचं रान. रोहिणीचं म्हणणं असं की एकाच काळात इथं दोन गावं होती, एक नदीकाठी आणि एक माळावर. सर म्हणाले होते, सिद्ध झालं तर हे नवीन आहे, पुढे संशोधक विद्यार्थी म्हणून जागा मिळायला त्याचं वजन पडेल. ती वर्षभर त्या दुसऱ्या गावावर जीव लावून बसली होती.

जोडीला येणारी मैत्रीण ऐनवेळी काविळीनं अंथरुणाला खिळली. टेपनं मोजायचं तर दुसरं टोक धरायला माणूस लागतो. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला आहे, गळीत हंगाम संपला होता, रजा शिल्लक होती. गुडघा दुखतो हे कारण घरात कोणी ऐकून घेतलं नाही.

मलकापूर ते धामणगाव बढे

सांगलीहून मलकापूरला पोचेपर्यंत रेल्वेत जे झालं ते सगळ्यांचंच होतं, ते सांगत नाही. मलकापूरला उतरल्यावर पहिली गोष्ट कळली ती ऊन. आमच्याकडे एप्रिलमध्ये ऊन डोक्यावर असतं. इथं ते खालून, जमिनीतूनही येतं. स्टँडवर माणसं डोक्याला पांढरे रुमाल घट्ट बांधून सावलीच्या पट्ट्यात उभी होती. सावली सरकेल तशी तीही सरकत होती. आम्ही नवखे, बाकडं बघून बसलो आणि दहा मिनिटांत उन्हात आलो.

मोताळ्याच्या एस्टीत आमच्या पाच पिशव्या होत्या. उतरताना चारच उतरवल्या. राहिलेल्या पिशवीत मोजणीसाठी मुद्दाम घडवून आणलेल्या लोखंडी खुंट्या होत्या. बस पुढे गेली ती गेली. पिशव्या मोजण्याचं काम माझ्याकडे होतं, हे दोघांनाही आठवत होतं.

धामणगाव बढ्यात बी-बियाणं आणि खतांच्या दुकानावर पत्र्याची एक खोली तिच्या सरांच्या ओळखीनं मिळाली होती. खोलीत खाली ठेवलेल्या औषधांचा वास कायम येत असे. दुकानदार भला माणूस. त्यानं एक कूलर लावून दिला. वीज असताना कूलरचा आवाज आणि वीज नसताना पत्र्याचा ताप, यांत मला आठवडाभर सलग झोप लागली नाही. जेवण मात्र चांगलं होतं. शेजारच्या घरातून डबा यायचा. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली, मी पहिल्यांदा खाल्ली. एका दिवशी कढी आणि फुनके आले. फुनके म्हणजे तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके. ते कुस्करून वर कढी आणि कच्चं तेल घालतात. ठेच्याबद्दल एवढंच सांगतो की आमच्या भागात तिखट खाण्याचा गर्व असणाऱ्या माणसांनी तिकडे जाताना तो घरी ठेवून जावा.

पांढर

उंचवट्याला तिथले लोक नुसतं ‘पांढर’ म्हणतात. शब्द आपल्याकडेही आहे. काळी म्हणजे शेताची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती शेकडो वर्षं एकावर एक बसली की काळी जमीन पांढुरकी होते. माणसं निघून गेली तरी रंग राहतो. मी हा शब्द लहानपणापासून ऐकला होता, पण माणसं राहून राहून जमिनीचा रंग बदलतात असा त्याचा अर्थ आहे, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

लोखंडी खुंट्या गेल्यामुळे आम्ही शेताच्या कडेला पडलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, तोडून त्यांच्या खुंट्या केल्या. दहा-दहा मीटरचे चौकोन आखले, प्रत्येक चौकोनातलं प्रत्येक खापर उचलून वेगळ्या पिशवीत घालायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर निम्म्या खुंट्या गायब. कोणाच्या तरी चुलीत गेल्या असणार. तिकडे पऱ्हाटी हे जळणच आहे, ती कोणी मोजायला रोवून ठेवील असं कोणाला वाटणार? पुन्हा आखलं. पुन्हा वाकलो. वाकणं हेच ते काम आहे. मला वाटलं होतं पुरातत्त्व म्हणजे खणणं. खणायला सरकारी परवाना लागतो आणि तो विद्यार्थ्याला मिळत नाही. विद्यार्थ्यानं वरवरचं वेचायचं.

नदीच्या बाजूनं पांढरीचा एक कडा पुरानं कापून निघाला आहे. रोहिणीनं मला त्याच्यासमोर उभं केलं आणि ब्रशच्या दांडीनं दाखवलं: ही काळपट रेघ म्हणजे सारवलेली जमीन. तिच्यावर राख, राखेवर पडलेली भिंत, भिंतीवर पुन्हा सारवलेली जमीन. अशा रेघा एकावर एक होत्या. घर पडलं, त्याच जागी सपाट करून दुसरं बांधलं, तेही पडलं. कड्यातून एका मडक्याचा काठ बाहेर आला होता. बाहेरून काजळी, आतून स्वच्छ. मी काट्यावर मोजमाप करणारा माणूस. मला दोन हजार वर्षं वगैरे ऐकून काही होत नाही. पण ती काजळी बघून मात्र मी थोडा वेळ तिथं बसलो. गुडघाही दुखत होता.

वावर

चौथ्या दिवशी आम्ही पांढरीच्या वावरात गेलो.

माळाच्या उतारावरचं साडेतीन एकराचं ते शेत. आजूबाजूला सगळा मुरूम, खुरटी बाभळ आणि मधे हा एक पांढुरका तुकडा. लांबून बघितलं तर कोणी अंथरूण वाळत घातलं आहे असं वाटावं. हरभरा निघून गेला होता, जमीन उघडी होती आणि तिच्यात पावलापावलाला खापरं होती. रोहिणीचा चेहरा मी बघितला. पांढरीवर ती काम करत होती. इथं आल्यावर ती घरी आल्यासारखी चालायला लागली.

शेत वच्छलाबाई इंगळ्यांचं. वय सत्तरीच्या आसपास, बारीक अंगकाठी, डोक्यावरून पदर आणि बोलताना डोळ्याला डोळा भिडवून बोलणं. रोहिणीनं मागच्या वर्षी त्यांची परवानगी घेतली होती, या वेळीही आधी घरी जाऊन भेटलो. जयंती होऊन थोडेच दिवस झाले होते, गल्लीत निळ्या पताका अजून होत्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली नातवांचे फोटो. मुलगा पुण्यात नोकरीला, सून-नातवंडं तिकडेच. बाई एकट्या राहतात आणि शेत स्वतः बघतात.

“कोन्या हापिसातून आले तुमी?” हा त्यांचा पहिला प्रश्न मागच्या वर्षीचाच होता. रोहिणीनं पुन्हा सांगितलं, हापिसातून नाही, शिकते आहे.

“शिकून राह्यली म्हन्ते. मंग या म्हाताऱ्या बापाले उन्हात काऊन आनलं?”

मी चोपन्न वर्षांचा आहे हे सांगावंसं वाटलं, पण त्या दिवशी मी तसा दिसत नसणार.

शेताला पांढरीचं वावर का म्हणतात, हे रोहिणीनं विचारलं. बाई म्हणाल्या, म्हणतात पहिल्यापासून, मला काय ठाऊक. आणि पाणी आणायला आत गेल्या. हे उत्तर रोहिणीला पुरेसं होतं. पांढरी म्हणजे वस्ती. शेताच्या नावातच जुनी वस्ती आहे आणि लोक ती विसरून गेले आहेत. असं पुष्कळ ठिकाणी असतं, ती मला म्हणाली. नाव राहतं, आठवण जाते.

शेतात काम करताना बाई बांधावर येऊन बसत. दुपारी त्यांनी आम्हाला भाकरी, कांदा आणि ताक आणून दिलं, पण स्वतः आमच्याबरोबर जेवल्या नाहीत. टेप कुठून कुठे जातो हे बघत राहिल्या. त्यांचा पुतण्या साहेबराव जाता-येता ट्रॅक्टर थांबवून आमची विचारपूस करी.

“काय साहेब, लागलं का काही? सोनं निंगालं त अर्धं काकूचं, अर्धं सरकारचं. तुमाले निस्त्या खापऱ्या.” आणि मग बांधाकडे वळून, “काकू, टेप लागला म्हंजे वावर गेलं समज. आता सरकारी पाटी लागते, तारेचं कुंपन लागते. तू पेरनी पायत बस.”

तो हसत होता. बाई हसल्या नाहीत. मला तेव्हा कळलं की आम्हाला ताक कोणत्या काळजीतून मिळत होतं. शेत त्यांच्या सासऱ्यांना सरकारी वाटपात मिळालेलं. संध्याकाळी निघताना त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, सरकारनं दिलं ते सरकार परत घेऊ शकतं, हे मला कळतं भाऊ. पोरीला सांगा, लिहायचं ते लिही पण गट नंबर नको लिहू. मी म्हणालो, सांगतो. सांगितलंही. रोहिणी म्हणाली, बाबा, जागा न सांगता शोध कसा मांडणार? शिवाय एका विद्यार्थिनीच्या प्रबंधानं कोणाचं शेत जात नाही. पुढे मोठं संशोधन झालं तर, असं मी विचारलं. ती टेप गुंडाळायला लागली. तिला हवं होतं तेच मोठं संशोधन.

वजनं

खापरं धुऊन, वाळवून, वजन करून नोंदवायची असतात. वजनाचं काम आपोआप माझ्याकडे आलं. स्वयंपाकघरात वापरतात तसा छोटा काटा होता, आणि काट्यासमोर बसलं की मला बरं वाटतं. त्या संध्याकाळी मात्र बरं वाटेना.

पांढरीवरच्या पिशवीत एका खापराचं वजन सरासरी बावीस-तेवीस ग्रॅम येत होतं. वावरातल्या पिशवीत सहा. एका चौकोनात नाही, सगळ्यांत. पांढरीवर काठ सापडत होते, मडक्यांचे गळे, एक तोटी. वावरात सगळं अंगठ्याच्या नखाएवढं, कडा झिजलेल्या, चिंचोक्यासारख्या गुळगुळीत. मी आकडे दोनदा तपासले, मग काटा तपासला. काटा बरोबर होता.

ऊस उन्हात वाळला की हलका होतो, पाऊस लागला की जड होतो. गाडी कुठून आली आणि वाटेत तिचं काय झालं ते वजन सांगतं. त्यामुळे मी रोहिणीला सरळ सांगितलं की हा माल इथला वाटत नाही. कुठून तरी आलेला वाटतो.

ती पिशव्यांवर चिठ्ठ्या लावत होती. मान वर न करता म्हणाली, “बाबा, हा ऊस नाही.”

मग तिनं समजावून सांगितलं. पांढरीवर नांगर चालत नाही, वावरात दरवर्षी चालतो, तुकडे होणारच. मी म्हणालो, नांगरानं फुटलं तर फुटलेली कड ताजी दिसेल, ही झिजलेली आहे. ती म्हणाली, पावसानं. मी म्हणालो, बरं. पण दुसऱ्या पिशवीचं काय? वावरातून खापरांबरोबर काचेच्या बांगड्यांचे तुकडे, कौलाचा चुरा, जुन्या सेलचं एक टोपण असलं काहीबाही निघत होतं. ते आजकालचं आहे, टाकून द्या, असं तिनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी टाकलं नव्हतं. एकदा उचललेलं न मोजता टाकायची मला सवय नाही. ते बरंच भरलं होतं. घरापासून इतक्या लांब, माळावरच्या शेतात, एवढ्या बांगड्या कोणाच्या फुटल्या?

यावर ती चिडली. म्हणाली, तुम्हाला हे मोडायचंच आहे का? घरात सगळे म्हणतातच, खापऱ्या वेचून पोट भरतं का. निदान तुम्ही तरी. मी काटा बंद केला. आमच्या नातेवाइकांत दोन वर्षं मी एकटाच तिच्या बाजूनं बोलत आलो होतो, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. तिनं जेवणाचा डबा अर्धाच खाल्ला. मी माझं आणि तिचं उरलेलं दोन्ही खाल्लं, कारण अन्न परत पाठवणं त्या घरात चालत नसे.

ट्रॉली

सकाळी रिक्षात ती माझ्या वजनांच्या नोंदी वाचत बसली. वावरात पोचल्यावर आखलेल्या चौकोनांकडे न जाता सरळ खालच्या बांधाकडे गेली. तिथं पाण्याच्या पाइपलाइनसाठी नुकताच चर खणला होता. ती चरात उतरली, कड खुरप्यानं साफ केली आणि टेपचं टोक मला वर धरायला सांगितलं.

पांढरी माती वरची एक वीतभर. तिच्याखाली थेट मुरूम. सारवलेली जमीन नाही, राख नाही, भिंत नाही. रेघ नाही.

तिनं तिथून दहा पावलांवर पुन्हा पाहिलं. तेच. मला वाटलं, ती म्हणेल की वरचे थर वाहून गेले. तिच्या तोंडापर्यंत आलंही असावं. पण ती चरात उभीच राहिली, एक हात मुरमावर ठेवून.

तेवढ्यात गावाकडून साहेबरावचा ट्रॅक्टर आला. त्याचं जुनं घर पाडायचं काम त्या दिवशी सुरू झालं होतं; घरकुल मंजूर झालं होतं, तिथं स्लॅब पडणार होता. इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे कौलारू छपरं, पाऊस खाली पळवून लावणारी. तिकडची जुनी घरं धाब्याची. सपाट लाकडी छत आणि त्यावर हातभर मातीचा थर. ही माती साधी चालत नाही, पांढरीवरून खणून आणलेली लागते. ती चिकट बसते आणि तिच्यातून पाणी उतरत नाही. दर उन्हाळ्यात जुन्या थरावर नवी माती पडते. ट्रॉलीत त्या घराच्या छताची माती होती आणि ट्रॉली गावातून शेतांकडे चालली होती.

रोहिणी चरातून वर आली आणि रस्त्यावर आडवी उभी राहिली.

“दादा, ही माती कुठे चाललीय?”

“वावरात. दुसरीकडं कुठं जाईन? धाब्याची माती म्हंजे खत हाय, ताई. चार वर्सं त युरिया नाही लागत.” साहेबरावला प्रश्नाचं नवल वाटलं. “सारेच टाकतेत.”

ती ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन चढली आणि मातीत हात घातला. मूठ उघडली तेव्हा तिच्यात नखाएवढी दोन खापरं होती, काळी-तांबडी, कडा झिजलेल्या. हिरव्या बांगडीचा एक तुकडा होता. तिनं पुन्हा मूठ भरली. पुन्हा तेच. ती खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला धुळीतच बसली.

“गेलं, बाबा,” ती म्हणाली. “दुसरं गाव गेलं.”

मी बाटली पुढे केली. पाणी चहाएवढं गरम झालं होतं. तिनं ते प्यायलं. वजनांचा विषय मी काढला नाही. साहेबराव ट्रॅक्टर बंद करून आमच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं उन्हाचा त्रास झाला. त्यानं डोक्याचा रुमाल सोडून तिच्याकडे टाकला.

नुकसान किती झालं ते मी तिथं बसल्या बसल्या मनात मांडलं. वर्षभराचं काम, संशोधनाची जागा, सरांनी टाकलेला विश्वास. तिनं फोन लावला. सर म्हणाले, जे दिसलं ते लिही. जागेचं काय, हे तिनं विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

बरड

बाई बांधावर आल्या तेव्हा त्यांनी चर पाहिला, आम्हाला पाहिलं, ट्रॉली पाहिली. त्यांना कळलं असावं. त्या आमच्यापासून थोड्या अंतरावर उकिडव्या बसल्या आणि कोणी काही विचारायच्या आत बोलल्या.

“हाव. टाकली माती. गुन्हा हाय का तो?”

रोहिणीनं मान हलवली, नाही म्हणून.

“मले वाटलं, पांढर खनली म्हनून धरतीन. म्हनून नाही सांगतलं.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो, कारण त्यांच्या वेगानं लिहिणं मला जमणार नाही. त्या लग्न होऊन आल्या त्याच्या आदल्याच वर्षी हे शेत मिळालं होतं. कागदावर साडेतीन एकर, जागेवर नुसता बरड. कुदळ मारली की ठिणगी उडे. गावात कोणाला नको होतं म्हणूनच ते वाटपात आलं होतं. सासरे म्हणाले, माती नाही तर माती आणू. तेव्हापासून गावात कोणाचं घर पडलं, कोणी धाबं उतरवलं, की हे बंडी, म्हणजे बैलगाडी, जुंपून हजर. लोकांना माती उचलून जायलाच हवी असे. घरं पडायची थांबली की नदीकाठच्या पांढरीवरून आणायची. किती उन्हाळे गेले ते बाईंनाही सांगता येईना. सासरे वारले तेव्हा खालचा कोपरा अजून बाकी होता, तो नवऱ्यानं भरला. ‘पांढरीचं वावर’ म्हणजे पांढर टाकलेलं वावर. एवढा साधा अर्थ.

“लोक हासत आमाले,” बाई म्हणाल्या. “म्हनत, पाहा बे, हे गाव वाहून नेऊन राह्यले.”

रोहिणीनं मान वर केली.

मी त्या शेताकडे पाहिलं. हिशेब करायचा तर करता आला असता. साडेतीन एकर, वीतभर थर, एका बंडीत माती किती. मी तो केला नाही. एवढं मात्र डोक्यात आलं की ही माती कोणाची तरी भिंत होती, मग पांढर झाली, मग छप्पर झाली, आणि आता तिच्यात हरभरा येतो. आम्ही ती एका जागी आणि एका काळात बसवायला निघालो होतो. खापर कुठं पडलं आहे ते खापर सांगतं. तिथं त्याला कोणी नेलं हे ते सांगत नाही. ते माणसाला विचारावं लागतं, आणि माणूस घाबरलेला असला तर तोही सांगत नाही.

“मंग आता वावर?” बाईंनी विचारलं.

रोहिणीनं खोटा दिलासा दिला नाही, याचं मला समाधान आहे. ती म्हणाली, “आजी, सरकारच्या वतीनं मी काही सांगू शकत नाही. पण मी लिहिणार ते हेच, की इथं जुनं गाव नव्हतं. ही माती घरांची आहे आणि ती लोकांनी आणून टाकली. गाव नसलेल्या जागेवर कोणी पाटी लावत नाही.”

साहेबरावनं ट्रॅक्टर चालू केला आणि पुढे गेला. या वेळी त्यानं कोणाची थट्टा केली नाही.

रोहिणीनं नकाशाचा कागद मांडीवर घेतला. वावराच्या जागी ‘वस्ती २’ असं लिहिलेलं होतं. तिनं त्यावर आडवी रेघ मारली. मग तिनं विचारलं, “आजी, सासऱ्यांचं नाव काय? माती कोणी आणली ते लिहायचंय. तुमची हरकत असेल तर नाही लिहीत.”

मला वाटलं, बाई नाही म्हणणार. कागदावर नाव नको म्हणूनच त्या इतके दिवस आमच्यावर लक्ष ठेवून होत्या. त्यांनी पदर सारखा केला, चराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“नामदेव,” त्या म्हणाल्या. “नामदेव सखाराम इंगळे.”

रोहिणीनं लिहिलं.

“लिवलं?”

“लिहिलं.”

“बंडी त्यायची होती,” बाई म्हणाल्या. “पन पांढरीवर भरली कोनं? इथं आनून उतरोली कोनं? टोपलं त माह्याच डोक्यावर होतं. पोटात पोरगं असताना वायलं म्या.” त्या पुढे सरकल्या आणि कागदावर बोट ठेवलं, नावाच्या बरोबर खाली. “इथं माह्यं घाल. वच्छला. आन मंग वाचून दाखव.”